सारखें अंतर

दाराशीं रांगोळी घालण्यापूर्वीं गृहिणी प्रथम ठिपके देते. चिमटींतून पडणारे ते ठिपके एका ओळींत आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर असले, म्हणजे पुढचें निम्में काम झालें असें समजावें. कारण एक ठिपका जरी सरकला, तरी त्याला जोडणारी रेघ वांकडी जाते आणि कमळाची पाकळी बिघडते. ज्यांच्या हाताला ही संवय नसते, ते उदबत्तीनें भोकें पाडलेला कागद जमिनीवर पसरून त्यावरून रांगोळी फिरवितात. कुंपणाचे खांब, लुगड्याच्या कांठावरचीं फुलें, पट्टीवरील खुणा, या सर्वांच्या मुळाशीं हाच एक प्रश्न आहे : ठराविक लांबीच्या रेषेवर अमुक इतक्या आकृति सारख्या अंतरानें कशा मांडावयाच्या?

लग्नपत्रिकेची कड, पुस्तकाचें मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, औषधाच्या पेल्यावरील खुणा, रेल्वेचा नकाशा, हें सारें आज बहुधा संगणकावर आंखलें जातें. संगणकावर चित्र काढण्याच्या पद्धति दोन. एकींत चित्र म्हणजे बारीक रंगीत चौकोनांची दाटी असते. छायाचित्र असें साठविलेलें असतें. दुसरीला व्हेक्टर पद्धति म्हणतात. तींत रेषा कोठून निघाली, कोठें वळली व कोठें थांबली, एवढेंच अंकांनीं नोंदलेलें असतें. म्हणून चित्र कितीही मोठें केलें, तरी त्याची कड खडबडीत होत नाहीं, आणि त्यांतील प्रत्येक आकृति वेगळी उचलून सरकवितां येते. इव्हान सदरलंड यांनीं १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत ‘स्केचपॅड’ नांवाची योजना प्रबंधरूपानें मांडली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेंकून रेषा काढावी आणि यंत्रानें ती सरळ व नेमकी करून द्यावी, अशी ती योजना होती. पुढें १९८७ सालीं अडोबी कंपनीचें ‘इलस्ट्रेटर’ बाजारांत आलें, आणि २००३ सालीं ‘इंकस्केप’ हें कोणासही विनामूल्य वापरतां येणारें सॉफ्टवेअर निघालें. या दोहोंतही आकृति निवडून एक कळ दाबली, कीं त्या सारख्या अंतरावर जाऊन बसतात.

हें काम इतकें सोपें झालें आहे, कीं त्याच्या पोटांत एक निर्णय दडलेला आहे हें ध्यानांत येत नाहीं. यंत्र भागाकार बिनचूक करतें. परंतु काय सारखें ठेवावयाचें, तें माणसासच सांगावें लागतें. तें सांगतांना गल्लत झाली, तर चित्र नेमकें असूनही चुकीचें होतें, आणि कांहीं ठिकाणीं ती चूक केवळ शोभेची राहत नाहीं.

पहिली अडचण साध्या गणतीची आहे. १८० मिलिमीटर लांबीची एक कड आहे, आणि तिच्यावर ९ मिलिमीटर रुंदीचीं १० फुलें बसवावयाचीं आहेत, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. घाईंत असलेला मनुष्य १८० ला १० नें भागतो आणि डाव्या टोकापासून दर १८ मिलिमीटरांवर एकेक फूल ठेवीत जातो. दहावें फूल १६२ व्या मिलिमीटरावर सुरू होऊन १७१ व्यावर संपतें, आणि उजवीकडे ९ मिलिमीटर जागा ओकीबोकी उरते. येथें भागाकार चुकला नाहीं, भाजक चुकला. दहा खांबांमध्यें गाळे नऊच असतात. फुलांनीं मिळून ९० मिलिमीटर जागा व्यापली. उरलेल्या ९० ला ९ नें भागलें म्हणजे प्रत्येक गाळा १० मिलिमीटरांचा येतो, आणि दहावें फूल उजव्या टोकाला बरोबर टेंकतें.

परंतु फूल टोकाला टेंकलेंच पाहिजे असें कोठें आहे? हीच कड पुढें पुन्हा पुन्हा जोडून लांबवावयाची असेल, तर टेंकलेलीं फुलें सांध्यावर एकमेकांस चिकटतील. अशा वेळीं दोन्ही टोकांना अर्धा अर्धा गाळा सोडावा लागतो. मग गाळे एकंदर दहा होतात, प्रत्येक ९ मिलिमीटरांचा येतो, आणि टोकांशीं साडेचार साडेचार मिलिमीटर जागा राहते. फुलें चौकटींत बसवून दोन्ही बाजूंस पूर्ण गाळा सोडावयाचा असेल, तर गाळे अकरा होतात आणि प्रत्येक सुमारें ८.१८ मिलिमीटरांचा भरतो. आणि तीच कड गोल वळवून ताटाभोंवतीं फिरविली, तर टोक असें उरतच नाहीं. तेथें दहा फुलांना दहाच गाळे. लांबी तीच, फुलें तींच, पण मांडण्या चार. आणि आपापल्या कामापुरती प्रत्येक मांडणी बरोबर आहे. यंत्राला कड कोठें लावावयाची आहे हें ठाऊक नसतें. तें एवढेंच करतें, कीं सर्वांत डावीकडील आणि सर्वांत उजवीकडील आकृति जागच्या जागीं ठेवून मधल्या आकृति सरकवितें. म्हणून जाणता चित्रकार ती कळ दाबण्यापूर्वीं दोन टोकांच्या आकृति स्वतःच्या हातानें योग्य जागीं ठेवून घेतो.

संगणकापूर्वींचा आरेखक हें काम आंकडेमोडीवांचून करीत असे. दिलेली रेषा सात भागांत वांटावयाची असली, म्हणजे तो तिच्या एका टोकापासून दुसरी तिरपी रेषा काढी, तिच्यावर कंपासनें कोणत्याही सोयीच्या मापाचीं सात पावलें टाकी, शेवटचें पाऊल मूळ रेषेच्या दुसऱ्या टोकाशीं जोडी, आणि बाकीच्या पावलांतून त्या जोडरेषेला समांतर रेषा ओढी. मूळ रेषेचे सात सारखे भाग होत. या कृतीचें मूळ युक्लिडच्या भूमितीच्या सहाव्या पुस्तकांत आहे. तिचा एक गुण असा, कीं १०० ला ७ नें भागून येणारा न संपणारा अपूर्णांक तींत येतच नाहीं. तो अपूर्णांक १४.३ असा तोडून पट्टीनें मोजीत गेल्यास सातव्या पावलापर्यंत एक दशांश मिलिमीटराची चूक होते. तेंच माप सत्तर वेळां टाकल्यास चूक एक मिलिमीटराची होते आणि डोळ्याला खटकूं लागते. संगणकावरही दर पावलाचें तोडलेलें माप हातानें लिहीत गेल्यास तीच चूक सांचते. दोन टोकें देऊन मधली वांटणी यंत्राकडे सोंपविली म्हणजे ती टळते.

दुसरी अडचण आकृति लहानमोठ्या असल्या म्हणजे येते. १३० मिलिमीटरांच्या रेषेवर चार चित्रें मांडावयाचीं आहेत; पहिलें, तिसरें व चौथें १० मिलिमीटर रुंद आणि दुसरें मात्र ४० मिलिमीटर रुंद आहे. यंत्राला मध्यबिंदूंमधील अंतर सारखें ठेवण्यास सांगितलें, तर मध्यबिंदु बरोबर ४० मिलिमीटरांवर येतात; परंतु चित्रांमधील मोकळी जागा मोजली, तर ती १५, १५ आणि ३० मिलिमीटर भरते. रुंद चित्राच्या दोन्ही बाजूंस दाटी आणि शेवटीं भगदाड! उलट गाळे सारखे ठेवण्यास सांगितलें, तर प्रत्येक गाळा २० मिलिमीटरांचा होतो, आणि मध्यबिंदूंमधील अंतरें ४५, ४५ व ३० होतात. सॉफ्टवेअरमध्यें या दोहोंकरितां दोन निराळीं चिन्हें शेजारी शेजारी असतात, आणि नवशिका हाताला येईल तें दाबतो.

यांतील योग्य कोणतें, हें कामावरून ठरतें. आकृति जेथें एखादी जागा दाखविते, तेथें मध्यबिंदु महत्त्वाचा. घड्याळाच्या तबकडीवर बाराचा आंकडा एकाच्या आंकड्याहून रुंद आहे, म्हणून त्याची जागा सरकवून चालणार नाहीं. उलट आकृति जेथें ओळीनें पाहावयाच्या असतात, तेथें गाळा महत्त्वाचा. छापखान्यांतील जुळारी हें जाणून असे. ‘र’ अक्षराचा खिळा अरुंद आणि ‘क्ष’ अक्षराचा रुंद. त्यांचे मध्यबिंदु सारख्या अंतरावर यावेत असा आग्रह त्यानें धरला असता, तर एकही शब्द नीट वाचतां आला नसता. प्रत्येक अक्षराला त्याची स्वतःची रुंदी देऊन मधली मोकळीक जमविणें, हाच अक्षरजुळणीचा पाया आहे, आणि संगणकावरील अक्षरेंही याच रीतीनें मांडलीं जातात.

येथें डोळ्याचाही विचार करावा लागतो. यंत्र आकृति मोजीत नाहीं. आकृतीभोंवतीं बरोबर बसणारी एक अदृश्य चौकट तें मोजतें. दोन चौरस आणि दोन वर्तुळें यांच्या चौकटींत सारखाच गाळा ठेवला, तरी वर्तुळें एकमेकांपासून अधिक दूर भासतात. कारण त्यांच्या कडा वर व खालीं मागें वळलेल्या असतात, आणि तेथली मोकळी जागा डोळा गाळ्यांत जमा धरतो. शिवाय रेषेची जाडीही असते. ४ मिलिमीटर जाडीच्या रेषेनें काढलेली आकृति आपल्या मूळ रेषेच्या बाहेर दर बाजूस २ मिलिमीटर पसरते. चौकट धरतांना ही जाडी मोजावी कीं नाहीं, हें इंकस्केपमध्यें वापरणारानें ठरवावयाचें असतें. जाड व बारीक रेषांच्या आकृति एका ओळींत असल्या आणि ही निवड चुकली, तर आंकडे सारखे निघतात आणि ओळ मात्र वेडीवांकडी दिसते.

आतांपर्यंतची रेषा सरळ होती. ती वांकडी झाली, म्हणजे अंतर या शब्दालाच दोन अर्थ येतात. कंपासनें वर्तुळावर पावलें टाकलीं, तर कंपास दोन बिंदूंमधील सरळ अंतर सारखें ठेवतो. वर्तुळाच्या त्रिज्येएवढा कंपास उघडून त्याच वर्तुळावर पावलें टाकलीं, तर सहा पावलांत फेरी पुरी होते, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु त्या वर्तुळावरून एखादी मुंगी चालली, तर तिला दर पावलागणिक त्रिज्येच्या सुमारें १.०४७ पट चालावें लागेल. वर्तुळाचा बांक सर्वत्र सारखा असल्यामुळें तेथें दोन्ही मापांनीं बिंदु एकाच जागीं पडतात. जी रेषा कोठें सपाट धांवते आणि कोठें एकदम वळते, तिच्यावर मात्र दोन्ही मापें निराळ्या जागा दाखवितात. मुंगीच्या मापानें सारख्या ठेवलेल्या मोत्यांची माळ तीव्र वळणावर दाटते, आणि मोती मोठे असल्यास एकमेकांवर चढतात.

व्हेक्टर चित्रांतील वांकड्या रेषा बहुधा बेझिए वक्र या जातीच्या असतात. यांचा जन्म फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत झाला. सिट्रोएन कंपनींतील पॉल द कास्तेल्जो यांनीं १९५९ सालीं त्यांचें गणित बसविलें. परंतु कंपनीनें तें गुप्त ठेवलें, आणि पुढें रेनो कंपनींतील पिएर बेझिए यांनीं तेंच स्वतंत्रपणें मांडून प्रसिद्ध केल्यामुळें नांव त्यांचें राहिलें. या वक्राला चार बिंदु लागतात : दोन टोकांचे, आणि रेषेला आपल्याकडे ओढणारे दोन. एक कल्पित बिंदु एका टोकापासून निघून ठराविक काळांत दुसऱ्या टोकाला पोंचतो, आणि त्याचा मार्ग हीच रेषा. परंतु त्याचा वेग सारखा नसतो. ओढणारे दोन्ही बिंदु आपापल्या टोकांतच ठेवले, तर १०० मिलिमीटरांची रेषा अगदीं सरळ असते. तरी पाव काळांत तो बिंदु १५.६ मिलिमीटरच जातो, अर्ध्या काळांत ५०, आणि पाऊण काळांत ८४.४ मिलिमीटरांवर असतो. म्हणजे काळाचे चार सारखे भाग करून तेथें फुलें ठेवलीं, तर सरळ रेषेवरही तीं टोकांशीं दाटतात आणि मध्यें विरळ होतात.

यावर उपाय मुंगीचाच आहे. रेषेचे अगदीं बारीक तुकडे पाडावे, प्रत्येक तुकडा सरळ समजून त्याची लांबी मोजावी, त्या लांबींच्या बेरजेचें कोष्टक करावें, आणि एकूण लांबीचा तिसरा किंवा सातवा भाग कोठें पुरा होतो तें त्या कोष्टकांत पाहावें. तीन घातांच्या बेझिए वक्राची लांबी सांगणारें सोपें सूत्र सामान्यतः नसल्यामुळें यंत्राला हीच खटपट करावी लागते. पण ती एका क्षणांत होते. याचा एक सोपा व सुंदर उपयोग आहे. वांकड्या रेषेवर केवळ गोल ठिपके हवे असतील, तर एकही वर्तुळ काढावें लागत नाहीं. रेषा तुटक करावी, तुकड्याची लांबी शून्य ठेवावी, टोकें गोल ठेवावीं, आणि मधलें अंतर हवें तें द्यावें. रेषेच्या जाडीएवढे ठिपके तिच्या लांबीवरून मोजलेल्या सारख्या अंतरावर आपोआप उमटतात. फुलें किंवा पानें हवीं असतील, तर इंकस्केपमध्यें आकृति रेषेवर पसरविण्याच्या दोन रीति आहेत : एक आकृतीला रेषेबरोबर वांकविते, दुसरी ती न वांकवितां जशीच्या तशी मांडीत जाते. वेलीला पहिली शोभते; मोत्याला दुसरीच घ्यावी, नाहींतर वळणावर मोती चेपतो.

हें सर्व साधलें, तरी शेवटचा प्रश्न उरतोच : अंतर सारखें असावें तरी कीं नाहीं? हॅरी बेक या आरेखकानें १९३१ सालीं लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक नवा नकाशा काढला. त्यानें रेल्वेचे मार्ग आडवे, उभे व तिरपे सरळ केले आणि स्थानकें त्यांवर जवळजवळ सारख्या अंतरानें मांडलीं. प्रथम तो नाकारला गेला. १९३३ सालीं छापला, आणि लोकांनीं तो उचलून धरला. गाडींत बसलेल्या माणसाला किती मैल झाले याच्याशीं कर्तव्य नसतें; आपलें स्थानक कितवें आणि गाडी कोठें बदलावयाची, एवढेंच त्यास हवें असतें. मुंबईच्या लोकल गाडींत दारावर स्थानकांच्या नांवांची जी पट्टी असते, तीही याच जातीची. तींत मरीन लाइन्स व चर्नी रोड यांमधील अंतर आणि खाडीपलीकडे असलेलें नायगांव व अलीकडचें भाईंदर यांमधील अंतर एकसारखेंच दिसतें, आणि त्यानें कोणाची फसवणूक होत नाहीं. परंतु लंडनमध्यें लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन हीं दोन स्थानकें एकमेकांपासून सुमारें २६० मीटरांवरच आहेत. नकाशावरून तें कळत नाहीं. म्हणून नवखा मनुष्य पायीं सहज जाण्यासारख्या अंतरासाठीं तिकीट काढून भुयारांत उतरतो. क्रम सांगणारें चित्र अंतर सांगतें असें समजल्याचा हा परिणाम.

येथें नुकसान चार पैशांचें आहे. औषधाच्या पेल्याची गोष्ट वेगळी. मुलांना पातळ औषध देण्याचा लहान पेला बहुधा बुडाशीं अरुंद आणि तोंडाशीं रुंद असतो. तोंडाची त्रिज्या बुडाच्या दीडपट असलेला असा एक पेला घ्यावा, आणि तो काठोकाठ भरला असतां त्यांत १० मिलिलिटर औषध मावतें असें समजावें. त्याच्या खुणा आंखणारानें बूड आणि कांठ यांमध्यें एक रेघ ठेवून ‘सारखी वांटणी’ ही कळ दाबली, तर ती रेघ निम्म्या उंचीवर बसेल आणि तेथें ५ हा आंकडा लिहिला जाईल. परंतु निम्म्या उंचीपर्यंत त्या पेल्यांत सुमारें ४ मिलिलिटरच औषध मावतें. पांचाची खरी खूण उंचीच्या सुमारें सहा दशांशांवर पडावयास हवी. चित्र टापटिपीचें दिसेल, रेघा भिंगाखालीं धरल्या तरी केंसभर चुकलेल्या आढळणार नाहींत, आणि आजारी मुलाला दर वेळीं औषध एक पंचमांशानें कमी मिळेल. तेथें सारखें ठेवावयाचें होतें औषध. सारखी ठेवली गेली उंची. म्हणून अशा खुणांची जागा पेल्यांत मोजलेलें पाणी ओतून किंवा त्याच्या आकाराचें गणित करून ठरविली पाहिजे, आणि नंतरच संगणकाला हात लावला पाहिजे.

सारख्या अंतराची आवड माणसाला उपजत असावी असें वाटण्याइतकी ती सर्वत्र आढळते. त्या आवडीची पूर्तता करणें आज एका कळीवर येऊन ठेपलें आहे, ही सोय लहान नव्हे. एके काळीं कुशल आरेखकाची दुपार ज्यांत जाई, तें काम शाळेंतील मुलगा आतां क्षणांत करतो. परंतु कळ दाबण्यापूर्वीं तीन गोष्टी स्वतःशीं निश्चित कराव्या. आकृति किती आणि गाळे किती. सारखें ठेवावयाचें तें मध्यबिंदूंचें अंतर, मोकळी जागा, कीं रेषेवरून चाललेली वाट. आणि हें चित्र पाहणारा मनुष्य त्यावरून काय मोजणार आहे. पहिल्या दोहोंत चुकल्यास डोळ्याला खटकतें, आणि चूक सुधारतां येते. तिसरींत चुकल्यास डोळ्याला कांहींच खटकत नाहीं. म्हणून तिचा विचार सर्वांत आधीं करावा.